चपला मोजायच्या नाहीत

"चपला मोजायच्या नाय. मानूस मोजायचा."

काकांचं हे वाक्य आमच्या कुंभवली गावात ज्याने ऐकलं नाही असा माणूस सापडायचा नाही. काका कुणाच्याही दारात आले की आधी खाली बघत. उंबऱ्याशी चपला नीट ओळीने लावलेल्या दिसल्या की त्यांचा चेहरा उतरे. पायाच्या अंगठ्याने एकेक चप्पल ढकलून ते ती ओळ विस्कटून टाकत. मग आत डोकावत, घरातल्या प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून ओठांतल्या ओठांत मोजत, आणि "बरोबर हाय" म्हणून बाहेर पायरीवर जाऊन बसत. शेजारच्या एका नव्या सुनेला हे ठाऊक नव्हतं. तिने तीनदा चपला पुन्हा लावल्या आणि काकांनी तीनदा विस्कटल्या. शेवटी सासूने तिला आत बोलावून घेतलं.

तुमच्याही आळीत असा एखादा असेल. आपण अशा माणसाला हसतो, त्याची नक्कल करतो आणि सोडून देतो. आम्हीही हसत होतो. एकदा पाम गावाला लग्नाला गेलो होतो. परतताना काकांनी टेम्पोच्या फाळक्याशी उभं राहून सगळ्यांचे खांदे मोजले आणि म्हणाले, "एक जास्ती हाय." लोक वैतागले, पण काका टेम्पो सुटू देईनात. शेवटी सतरंज्यांच्या ढिगाखाली एक अनोळखी म्हातारा घोरत सापडला. तो दुसऱ्याच लग्नाला आला होता आणि आमच्या मांडवात जेवून आमच्याच टेम्पोत झोपला होता. काकांनी त्याला उठवलं, नाव-गाव विचारलं आणि त्याच्या घरापर्यंत सोडून आले. तोवर आम्ही सगळे डास मारत रस्त्यात बसलो होतो.

समुद्रावर गणपती विसर्जनाला गेलं की पाण्यात किती उतरले आणि किती बाहेर आले याचा हिशेब त्यांच्याकडे असे. पोरं मुद्दाम इकडून तिकडे पळून त्यांची मोजदाद चुकवत. ते न रागावता पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

काका माझे सख्खे काका नव्हते. ते माझ्या वडिलांबरोबर कामाला होते. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने उभे करणारी माणसं आहेत तशीच बंद पडलेले कारखाने उतरवणारीही आहेत. काका गॅसकटर होते. बॉयलर, टाक्या, लोखंडी खांब, जे म्हणाल ते दोन नळ्या आणि एका ज्योतीवर कापून खाली घेत. वडील त्यांच्या हाताखाली होते, म्हणजे तुकडे ओढायचे, साखळी बांधायची, आत घुसून माप घ्यायचं. अंगाने सडपातळ असल्याने अडचणीच्या जागी त्यांनाच पाठवत.

मी तिसरीत होते तेव्हा ठेकेदाराने अकरा माणसांची टोळी दूर दक्षिणेकडे नेली. तिथे एका गावात पूर्वी सोन्याची खाण होती. खाण बंद पडली होती, आणि दगड दळून सोनं काढायची जुनी गिरणी तोडून भंगारात काढायची होती. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण खटला अजून चालू आहे.

महिन्याभराने दहा माणसं परत आली.

ठेकेदाराने आमच्या अंगणात उभं राहून, आजूबाजूच्या चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात आईला सांगितलं, "तुझा नवरा सोनं घेऊन पळाला. गिरणीच्या फटीत सापडलं असणार. मी पोलिसांत जात नाही, तुमची अब्रू राहू दे." त्यावर त्याने माझ्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. तो पुडा मी खाल्ला. मी आठ वर्षांची होते, मला भूक लागली होती. त्या बिस्किटांबद्दल मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही, आणि ठेकेदाराला माफ करायचा तर प्रश्नच येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मन मोठं करून वाचायची तुम्हाला गरज पडणार नाही.

आईचं माहेर किनाऱ्यावरचं. तिने माहेरून सुकी मासळी आणून बोईसरच्या बाजारात विकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक बाया बोंबील चाचपून म्हणत, "नवरा सोन्यात लोळतोय नि तू सुकट कशाला विकतेस गो?" शाळेत मला 'सोनेवाली' म्हणत. आई कुंकू लावायची, त्याचीही चर्चा. नाही लावलं असतं तर त्याचीही झाली असती. आईने गळ्यात काळे मणी ठेवले आणि त्यातल्या दोन सोन्याच्या वाट्या विकून पत्र्याला डांबर मारून घेतलं.

त्या दिवसांत आमच्याकडे येणारा एकच माणूस होता. पावसाआधी पत्रे बघायला काका येत. माझ्या शाळेच्या दाखल्यासाठी तीन चकरा काकांनी मारल्या. आईला ताप आला तेव्हा तिची पाटी डोक्यावर घेऊन, बाप्या माणूस असून, बाजारात सुकट विकायला काकाच बसले. भाव सांगता येईना, म्हणून गिऱ्हाइकालाच विचारत, "तुमाला काय वाटतं?" त्या दिवशी सगळी पाटी अकरा वाजता संपली आणि आईने कपाळाला हात लावला.

पण ते आमच्या घरात कधी पाणी प्यायले नाहीत. उन्हातून आले, पत्र्यावर तासभर बसून घामाने निथळले, तरी आईने तांब्या पुढे केला की हात मागे घेत. "नको वैनी, पानी नको." मला वाटायचं, घरात बाई माणूस एकटीदुकटी म्हणून जपत असतील. आईला वाटायचं, काही नवस बोलले असतील. आम्ही दोघींनी आपापलं समजून घेतलं आणि त्यांना कधी विचारलं नाही.

बारावी झाल्यावर काका मला त्याच ठेकेदाराच्या ऑफिसात घेऊन गेले. मी रस्त्यातच थांबले. "काका, त्याच्याकडे? त्याने आमचं काय केलं ठाऊक आहे ना?"

"म्हनूनच," काका म्हणाले. "तुजा बाप पळाला नाय, येवढं मी सांगतो. बाकीचं दिवस आला की सांगीन. तू आत बस. कागद तुज्या हातात र्‍हाऊं देत."

"आणि तुम्ही? तुम्ही का इतकी वर्षं त्याची नोकरी करता?"

"नोकरी नाय गो बाय. मी त्याला राखतो."

हे ते इतक्या साध्या आवाजात म्हणाले की मला त्यातला जाळ तेव्हा कळला नाही. गुराखी गुरं राखतो तसं काहीतरी वाटलं. पुढे कळलं, की ठेकेदार कुठे जातो, कुणाशी बोलतो, कधी आजारी पडतो, याची खडान्खडा माहिती या माणसाकडे असे. ठेकेदाराला एकदा छातीत कळ आली तेव्हा काका तीन दिवस दवाखान्याच्या बाहेर बसले. ऑफिसातले लोक त्यांच्या निष्ठेची तारीफ करत होते. मी चहा घेऊन गेले तर काका म्हणाले, "येवढ्यात नाय मेला पायजे."

ठेकेदाराने मला नोकरी लगेच दिली. का दिली ते दुसऱ्याच आठवड्यात कळलं. पाहुणे आले की तो माझ्याकडे बोट दाखवून सांगे, "हिचा बाप माझं सोनं घेऊन पळाला. तरी पोरीला पोटाला लावलं." पाहुणे मान डोलावत. मी पत्र टाइप करत राही. दरम्यान त्याने दोन मजली बंगला बांधला, गावच्या देवळाला कमान दिली आणि कमानीवर स्वतःचं नाव देवाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात कोरून घेतलं. मी पंधरा वर्षं त्या कमानीखालून गेले नाही. शेतातून वळसा घालून जायचे, पावसात चिखल तुडवत.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये माझ्या टेबलावर एक कागद आला. त्या खाणीच्या गावात गिरणीचा जो भाग तेव्हा अर्धवट सोडला होता, तो आता साफ करायला काढला होता. ठेकेदाराने स्वतः बसून भाव भरला. इतका कमी, की त्यात हायड्राचं, म्हणजे क्रेनच्या गाडीचं, डिझेलही सुटलं नसतं. मुलगा बापाशी भांडला. बाप म्हणाला, "ते काम दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊन चालणार नाही." मी कागद पाठवला आणि संध्याकाळी काकांना सांगितलं.

काका पायरीवर बसले होते. कामाची तारीख विचारून घेतली. मग म्हणाले, "तो मला नेनार. मला नेल्याबिगर त्याला चैन पडनार नाय. तू एक दिस मागनं ये. देवाला जाते म्हनून सुट्टी काढ."

मी सुट्टी काढली. ठेकेदाराने देवासमोर ठेवायला म्हणून माझ्याकडे नारळ दिला. तो मी पालघर स्टेशनवर एका म्हातारीला देऊन टाकला.

दोन गाड्या आणि एक बस करून त्या गावात उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि रस्त्यावर उभं राहवत नव्हतं. आपल्याकडेही ऊन असतं, पण ते घामाचं. तिथे घामच येत नाही, अंग नुसतं सुकत जातं. गावाभोवती राखाडी रेतीचे डोंगर होते. दगड दळून सोनं काढून घेतल्यावर जे उरलं ते. वारा सुटला की ती रेती घराघरांत शिरे. कामगारांच्या चाळींची छपरं गेलेली, त्यांत शेळ्या बांधलेल्या. गावात एक मोठा क्लब होता, त्याच्या दारावर पिंपळ उगवलेला. आणि इतक्या सोन्याच्या गावात मला एकही सोनाराचं दुकान दिसलं नाही. चहावाल्याने माझ्या पायांकडे बघून हिंदीत सांगितलं, "चप्पल मोटा पहनो बहन, इधर जमीन काटता है."

गिरणीच्या आवारात एक जुनी चिंच आहे. काका तिच्याखाली उभे होते. ठेकेदार अजून लॉजवरून यायचा होता. टोळीची चार माणसं आणि हायड्रावाला पलीकडे नळ्या जोडत होते. काकांनी माझ्या खांद्याला हात लावला, नेहमीसारखा, आणि हात काढून घेतला.

"हतं आमच्या चपला असायच्या," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. मी त्यांच्याच शब्दांत सांगितलं असतं, पण ते सलग बोलले नाहीत. एक वाक्य बोलत आणि गिरणीकडे बघत.

कामावर जाताना टोळीतली माणसं चिंचेखाली चपला काढून ओळीने ठेवत आणि जाड बूट घालत. जेवणाची सुट्टी झाली की बूट काढून चपला घालून सावलीत बसायला जात. चिंचेखाली कापणाऱ्याच्या सोडून एकही चप्पल उरली नाही म्हणजे बाकीचे सगळे बाहेर आले, आत कोणी नाही, असा रिवाज होता. मोठा खांब कापायचा तो या वेळेत, आत माणूस नसताना. त्या दिवशी काकांनी बघितलं. चिंचेखाली त्यांच्या स्वतःच्या सोडून एकही चप्पल नव्हती. त्यांनी ज्योत लावली आणि खांब कापला. वरची अख्खी फरशी खालच्या हौदावर बसली.

"तुज्या बापाच्या बुटाचा सोल सुटला होता," काका म्हणाले. "पत्र्यावर चालून चालून. गोंद वितळला. तो चपला घालूनच आत गेला होता."

वडील हौदात काय करत होते, तेही काकांना ठाऊक होतं. गिरणीखालच्या त्या हौदात विटांच्या सांध्यांत सोन्याची रेव अडकलेली असते. ठेकेदाराने ब्रश आणि पत्र्याचा डबा देऊन त्यांना गुपचूप खाली उतरवलं होतं. हे काम ठेक्यात नव्हतं. वडिलांनी सकाळी काकांना सांगितलं होतं, की शेट पोरीच्या कानापुरतं देणार आहे. फक्त कधी उतरणार ते सांगितलं नव्हतं.

"शेट आला. त्यानं एक डाव बगितलं आनि मला बोलला, तो पळाला. मी बोललो, शेट, हौद उगडू. तो बोलला, उगड. खांब कोनी कापला ते पन सांग. त्याच सांजेला सगल्यांना गाडीत घातलं. निघताना मला चिंचेमागं बूट दिसले, सोल लोंबता. ते मी पिशवीत घातले. घरी माळ्यावर हायेत."

माझ्या हातात पाण्याची बाटली होती. काकांचे ओठ पांढरे पडले होते. मी बाटली त्यांना द्यायला पुढे केली होती. तशीच मागे घेतली. त्यांनी ते बघितलं आणि मान हलवली, जणू मी बरोबर तेच केलं.

तुम्ही म्हणाल, त्या क्षणी मला काय वाटलं? मला राग आला. ज्या माणसाने माझ्या शाळेच्या दाखल्यासाठी चकरा मारल्या, त्याचा गळा धरावासा वाटला. सव्वीस वर्षं आई बाजारात टोमणे ऐकत होती आणि हा माणूस आमच्या पायरीवर बसून होता. भीतीपायी गप्प बसला होता. ठेकेदाराला राखता राखता त्याने स्वतःलाही राखलं होतं. मी हे त्यांना तोंडावर बोलले. ते म्हणाले, "हां. पन आज नाय राखनार."

अकराच्या सुमारास ठेकेदार एकटाच गाडी चालवत आला. मागून फाटकावरच्या पहारेकऱ्याने खुर्ची आणि छत्री आणून ठेवली. मी दगडी भिंतीच्या आड होते. त्याने टोळीला लवकर जेवायला पाठवायचा हुकूम दिला आणि काकांना म्हणाला, "तू आणि हायड्रावाला दोघं बस झाले. फरशी उचला, खाली जे असेल ते रेतीबरोबर ट्रकात भरा. तासाभरात संपवा."

काकांनी मान हलवली. फरशीला साखळी बांधली, हायड्राचा हूक अडकवला. आणि मग फाटकावरच्या पहारेकऱ्याला हाक मारली, टोळीला माघारी बोलावलं, मला बोलावलं. मला बघितल्यावर ठेकेदार खुर्चीतून अर्धा उठला.

"तू इथे?"

"देवाला आले," मी म्हणाले.

काकांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "एक." मग टोळीच्या चौघांच्या खांद्यांना. "दोन. तीन. चार. पाच." हायड्रावाला, सहा. पहारेकरी, सात. माझा खांदा, आठ. मग ते खुर्चीपाशी गेले आणि जन्मात पहिल्यांदा ठेकेदाराच्या खांद्यावर हात ठेवला. रेशमी सदऱ्यावर काळा पंजा उमटला.

"शेट, तुमी नऊ," काका म्हणाले. "आनि दहावा खाली हाय. बाहेर काढा त्याला."

ठेकेदार ओरडला, "हायड्रा बंद कर! काम बंद!" हायड्रावाला बिहारचा तरणा माणूस, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने ठेकेदाराकडे बघितलं, मग काकांकडे. "चाचा, उठाऊँ?"

"उठाव."

फरशी उचलली गेली. धूळ बसायला वेळ लागला. ठेकेदार काकांच्या कानाशी म्हणाला, पण मला ऐकू आलं, "मरशील. खांब तू कापलायस."

"हां," काका मोठ्याने म्हणाले. "आदी मी. मंग तुमी."

हाडं कुणाचीही असू शकतात, असं नंतर ठेकेदाराच्या वकिलाने म्हणून बघितलं. पण चपला होत्या. टायरच्या तळव्याच्या चपला, आणि उजवीचा अंगठा तुटलेला म्हणून जाळ्याच्या हिरव्या नायलॉनने शिवलेला. ती शिलाई माझ्या आईची होती. किनाऱ्यावरच्या बाया जाळं विणताना जी गाठ मारतात तीच. त्या गावापासून समुद्र दिवसभराच्या वाटेवर आहे. पहारेकऱ्याने पोलिसांना बोलावलं. चपलांशेजारी पत्र्याचा डबा होता, त्यात मूठभर रेव. डबा पोलिसांकडे आहे. त्यात सोनं आहे का, मी विचारलेलं नाही. मी कानात काही घालत नाही.

ठेकेदाराला त्याच्याच खुर्चीवर बसवून जबाब घेतला. त्याला पाणी हवं होतं. माझ्याकडे बाटली होती. मी ती उघडली, त्याच्यासमोर सावकाश प्यायले आणि झाकण लावलं. मला मजा आली. खोटं का बोलू?

आम्ही परतलो तेव्हा बातमी आमच्या आधी पोचली होती. आई अंगणात सुकट निवडत होती. काका पायरीवर बसले नाहीत, उभेच राहिले. त्यांनी सगळं सांगितलं, खांब कुणी कापला ते आधी.

आई सुकट निवडत राहिली. मग विचारलं, "चपला मोजल्यात?"

"हां वैनी."

"आनि मंग सव्वीस वरसं माज्या दारात येऊन बसत होतात."

"हां."

"उठा हतनं," आई म्हणाली. ते उभेच होते, तरी तसं म्हणाली.

त्यानंतर काका आमच्या पायरीवर आले नाहीत. रस्त्यापलीकडच्या पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर, आमचं दार दिसेल असे संध्याकाळी येऊन बसत. आईने मला एकदाच त्यांच्याकडे पाठवलं, बूट आणायला. ते तिने खाटेखाली ठेवले.

गावाचं तोंड बदलायला मात्र आठवडाही लागला नाही. कमानीवरचं नाव पोरांनी फ्लेक्स लावून झाकलं, मग कुणीतरी छिन्नीने उडवलं. ठेकेदार जामिनावर सुटून आला. मुलांनी वाटण्या मागितल्या, व्याही बोलेनासे झाले. आता तो वरच्या मजल्यावर खिडकी लावून बसतो. मी रोज त्या कमानीखालून जाते. गरज नसली तरी जाते. आईकडे बाजारात बाया येऊन हात धरून रडल्या. आईने त्यांना बसवलं, चहा पाजला. पण ज्या ज्या बाईने तेव्हा टोमणा मारला होता तिला आईने आजवर एक बोंबील विकलेला नाही. "संपलं," म्हणते, पुढ्यात पाटी भरलेली असताना.

खटल्याच्या तारखा त्या गावीच पडत. दोघे आरोपी, ठेकेदार आणि काका. ठेकेदार आजारपणाचा दाखला पाठवी. काका प्रत्येक तारखेला दोन गाड्या आणि एक बस करून जात आणि विचारलं नाही तरी उठून सांगत, "खांब मी कापला." आई कट्टा रिकामा दिसला की मला विचारी, "गेला का तो तारखेला?" मी हो म्हणे. 

काकांनी गॅसचा धूर आयुष्यभर छातीत घेतला होता. गेल्या वैशाखात, शेवटच्या तारखेहून आले ते उठलेच नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी गेले. आता तारखांना मी जाते. पुढच्या तारखेला ठेकेदाराला हजर राहावंच लागणार आहे. मी समोरच्या बाकावर बसणार आहे.

काकांना बाहेर काढलं तेव्हा सगळं गाव होतं. आई येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आली, हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन. लोकांनी वाट करून दिली. तिरडीपाशी तांब्या ठेवलेला होता, जो तो थेंब थेंब पाणी तोंडात घालत होता. आईने तांब्याला हात लावला नाही. पिशवीतून बूट काढले. बोईसर स्टेशनबाहेरच्या मोच्याकडून तिने नवा सोल मारून घेतला होता, पॉलिशही केलं होतं. दोन्ही नाड्या एकमेकींना बांधून तिने ते काकांच्या पायांशी ठेवले.

एक जाणता माणूस म्हणाला, "वैनी, चामडं नको ठेवू, चालत नाय."

"बाजूला हो," आई म्हणाली. मग खाली वाकली. रोज अंगणात उभं राहून बोलत असे त्याच आवाजात बोलली.

"भावजी, हे त्यांचं बूट. नवा सोल मारलाय. तुमच्या हातानं द्या त्यांना. आनि ते काय बोलतील ते खाली मान घालून ऐका."

पाणी तिने घातलं नाही. परत येताना काकांच्या फाटकाशी थांबून तिने माझ्या खांद्याला हात लावला, आणि आम्ही दोघी घरी आलो.